बोअरच्या मशीनची भाषा

काही वर्षांपूर्वी आम्ही आवारात बोअर घेतला. बिलात ‘केसिंग’, ‘स्लॅब’, ‘फ्लशिंग’ असे शब्द होते. अर्थ विचारायला संकोच वाटला आणि निमूटपणे पैसे मोजले. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हा लेख.

हैदराबादच्या परिसरात बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट आहे. वर माती, मग मुरूम, खाली कठीण खडक. पाणी असते ते मुरमात व खडकाच्या भेगांत. नुसते खोल गेल्याने पाणी लागतेच असे नाही.

मशीन मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिलीत दोराला टांगलेली जड छिन्नी आपटत राहते. काम फार सावकाश. दुसरी रोटरी. तिचे बिट फिरत पोखरते व चिखलपाण्याच्या प्रवाहाने चुरा वर येतो. ती गाळाच्या जमिनीत उपयोगी. तिसरी डीटीएच, आपल्याकडे चालते ती हीच. कॉम्प्रेसरच्या हवेने भोकाच्या तळाशी हातोडा ठोके देतो, बिट फिरते आणि तीच हवा चुरा बाहेर फेकते.

आता शब्द. ‘केसिंग’ म्हणजे माती ढासळू नये म्हणून घालायचा पाइप. तो पक्क्या खडकात बसेपर्यंतच लागतो. कमी घातला तर वरचे घाण पाणी आत झिरपते, जास्त घातला तर पैसे वाया. पाइप उतरण्याआधी स्वतः मोजा. ‘स्लॅब’ म्हणजे खोलीनुसार फुटामागे वाढणारा दर. ‘फ्लशिंग’ म्हणजे हवेने बोअर धुणे.

‘दोन इंच पाणी’ म्हणजे पाइपची जाडी नव्हे. व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची ती उंची. एक इंचाचे दोन इंच झाले तर पाणी दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक होते. म्हणून ताशी किती लिटर, हेच विचारा.

आरोग्याचेही पाहा. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसे कायमची निकामी करते. काम चालू असताना मुलांना दूर ठेवा, नाकातोंडावर चांगला मास्क लावा. नळगोंडा जिल्ह्यात फ्लोराइडच्या पाण्याने कित्येकांची हाडे वाकली. पिण्याआधी पाणी तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. उकळून ते जात नाही.

बोअर कोरडा गेला तर दुःख होतेच. पण त्याचे तोंड उघडे टाकू नका. अशा भोकांत लेकरे पडून दगावली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली घालून दिलेल्या नियमांनुसार चालू बोअरला भक्कम झाकण व भोवती सिमेंटचा ओटा हवा. सोडून दिलेला बोअर तळापासून भरला पाहिजे. 2002 च्या वाल्टा कायद्यानुसार बोअरची परवानगी व मशीनची नोंदणी लागते, तीही आधी पाहा.

दर, व्यास आणि केसिंगचा हिशेब कागदावर लिहून घ्या, मगच मशीन शेतात येऊ द्या. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता काढलेले कर्ज मात्र वर्षानुवर्षे फिटत नाही.