रात्रीची फेरी आणि पोटाचं घड्याळ



१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की बोटी पुन्हा समुद्रात जातात. दोन महिने रात्री घरी झोपलेलं शरीर एकदम जागरणावर येतं. मग पोट जड होणं, साखर वाढणं सुरू होतं. ते का, हे समजून घेऊया.

मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे हार्मोन वाढतं आणि त्या वेळी जेवलं तर इन्सुलिन कमी सुटतं. म्हणून दुपारी खाल्लेला तोच भात रात्री दोनला खाल्ला तर रक्तातली साखर जास्त चढते. यकृताचं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेवर लागतं. रात्री जेवलं की मेंदू रात्र धरतो, पोट दिवस धरतं, दोघांचा मेळ बसत नाही.

२०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ निरोगी तरुणांना रात्रपाळीसारखं जागं ठेवलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही.

मग करायचं काय? पोटभर जेवण बोट सुटण्याआधी, संध्याकाळीच. मध्यरात्री भूक लागलीच तर मूठभर चणे किंवा उकडलेलं अंडं. गोड चहा-बिस्किटं कमी. माल उतरवल्यावर न्याहारी, मग खोलीत अंधार करून झोप.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशी राहू नये. जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, खिशात साखर ठेवा आणि तांडेलाला आजार सांगून ठेवा. भर समुद्रात साखर उतरली तर दवाखाना लांब असतो.

– सचिव