‘इथे राजकारण नको’ म्हणजे नेमके काय नको?

डॉक्टर, इंजिनिअर, वकील, प्राध्यापक यांच्या कोणत्याही मंडळात जा, एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘इथे फक्त व्यवसायाचे बोला, राजकारण नको.’ वाक्य गोड आहे. पण राजकारण कशाला म्हणायचे, हे ठरवतो कोण? आमचा सवाल एवढाच आहे.

2006 साली केंद्र सरकारने उच्च शिक्षणात ओबीसींना 27 टक्के आरक्षण देण्याचे जाहीर केले. तेव्हा दिल्लीच्या एम्समधील निवासी डॉक्टर संपावर गेले, रुग्ण ताटकळले. त्याला कोणी राजकारण म्हटले नाही. ती ‘गुणवत्तेची लढाई’ ठरली. पुढे त्याच एम्समधील भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना वर्गात आणि वसतिगृहात मिळणारी वागणूक 2007 च्या अहवालाने चव्हाट्यावर आणली. तेव्हा मात्र ‘शिक्षणसंस्थेत जातीचे राजकारण आणू नका’ हा सूर निघाला. आरक्षणाला विरोध केला तर गुणवत्ता, अन्यायाची तक्रार केली तर राजकारण! हा कुठला न्याय?

सातासमुद्रापलीकडेही तेच. एप्रिल 2022 मध्ये, दलित इतिहास महिन्यात, गुगल न्यूजच्या कर्मचाऱ्यांपुढे इक्वॅलिटी लॅब्जच्या थेनमोळी सौंदरराजन यांचे जातिभेदावर भाषण ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदूद्वेष्ट्या ठरवून तक्रारी केल्या आणि भाषण रद्द झाले. आमच्याकडे जातिभेदाला थारा नाही, असे कंपनीने सांगितले. पण या भाषणाने फूट आणि कटुता निर्माण होत होती, असेही म्हटले. भाषण ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी नोकरीचा राजीनामा दिला. म्हणजे जातीने फूट पडत नाही, जातीवर बोलल्याने पडते!

चळवळीच्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. 1936 सालच्या परिषदेसाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले. भाषणातील मजकूर झेपेना, म्हणून तो बदलण्याचा आग्रह धरला. बाबासाहेब बधले नाहीत. परिषदच रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्याआधी 1928 च्या गिरणी संपात त्यांनी कामगार पुढाऱ्यांना विचारले होते की, विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश का नाही? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून तिथे विटाळ मानला जाई आणि जास्त मजुरीचे ते काम आमच्या माणसाला बंद होते. कामगारांची एकजूट सांगणाऱ्यांनी ही मागणी घेतली, ती नाखुशीनेच. खाते बंद ठेवणे हा धंद्याचा रिवाज आणि दार उघडा म्हणणे हे राजकारण, असा तो हिशेब होता.

मग काय, सर्व मंडळांत पक्षांचे झेंडे नाचवायचे? मुळीच नाही. इथे आम्हाला आपल्या घरातही पाहावे लागेल. आपल्या कर्मचारी आणि अधिकारी संघटनांच्या बैठकीत कोण कोणत्या गटाचा यावरून हमरीतुमरी होते, आणि बढतीचे अडलेले प्रकरण, रिक्त राहिलेला अनुशेष, जात पडताळणीची रखडलेली फाईल तशीच पडून राहते. नवा आलेला तरुण हे पाहून पुन्हा फिरकत नाही. पक्षाचा प्रचार, उमेदवाराची शिफारस, नेत्यांची उणीदुणी दाराबाहेर ठेवा, हा नियम आम्हालाही मान्य आहे. आपल्याला तर त्याची अधिक गरज आहे.

पण भरती, बढती, अपमान, नेमणूक, पगार हे कामाचेच प्रश्न आहेत. ते मांडणे म्हणजे राजकारण नव्हे. नियम करणाऱ्यांसाठी आमची कसोटी साधी आहे. आरक्षणावरचा टोमणा ‘गंमत’ म्हणून खपतो आणि त्याला दिलेले उत्तर ‘राजकारण’ म्हणून दाबले जाते काय? तसे होत असेल, तर तो नियम शांततेसाठी नाही, आपल्याला गप्प बसवण्यासाठी आहे.

तेव्हा आपल्या शिकलेल्या बांधवांना आमचे सांगणे आहे : मंडळे सोडून जाऊ नका. आत राहा, नियम वाचा, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा लावा, असे लेखी मागा. पक्ष दाराबाहेर ठेवता येतो. अपमान दाराबाहेर ठेवता येत नाही, कारण तो आतच होत असतो.