झूल की लगाम?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घ्यावयास गेलेला जाणता माणूस आधी त्याचे दात पाहतो, मग खूर पाहतो, दहा पावले चालवून त्याचा स्वभाव जोखतो. झूल आणि गोंडे यांची चौकशी तो अगदी शेवटी करतो. नांदेड जिल्ह्यातील ही यात्रा आम्हा बीदरकडील लोकांना परकी नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी समुद्र ओलांडून एक घोडा हिंदुस्थानात घेऊन आला, तो घोडाही अखेर विकला गेला बीदरलाच. वाहनाची पारख या मातीत अशी जुनी आहे. मात्र मोटार घेताना ही पारख आम्ही घरीच ठेवून जातो की काय, अशी शंका अलीकडे येऊ लागली आहे.

जनवाड्याची, औरादची, भालकीची मुले आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे चांगल्या पगारावर आहेत. घरासाठी मोटार झाली की मनात दुसरी मोटार डोकावू लागते : बसकी, रुंद टायरांची, दोन आसनांची, एका दमात वेग घेणारी. अशांपैकी कोणी सुटीत भेटला की विचारतो, "सर, स्टॅबिलिटी कंट्रोलला जास्तीचे पैसे पडतात. गाडी तर मला उत्तम चालवता येते. मग ते घ्यावे का?" प्रश्न पैशाचा वाटतो, पण तो केवळ पैशाचा नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पुष्कळांचा समज असा की, ए.बी.एस. असले म्हणजे सर्व काही आले. ए.बी.एस. १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत आले. जोराने ब्रेक दाबला असता चाके जाम होऊ नयेत आणि गाडी वळविता यावी, एवढेच त्याचे काम. स्थैर्य-नियंत्रण त्याच्या पुढची पायरी होय. बॉश कंपनीच्या सहकार्याने मर्सिडीजने ते १९९५ साली बाजारात आणले. चालकाने स्टिअरिंग किती वळविले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, यांची तुलना ही यंत्रणा सेकंदातून अनेक वेळा करते. दोहोंत तफावत पडली की ती स्वतः ब्रेक लावते, आणि तेही एकेका चाकाला. गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊ लागली तर वळणाच्या बाहेरील बाजूच्या पुढच्या चाकाला. नाक वळेनासे झाले तर आतील बाजूच्या मागच्या चाकाला. जरूर पडल्यास इंजिनचा जोरही ती कमी करते. चालकाचा पाय ब्रेकवर असो वा नसो.

"मला उत्तम चालवता येते" या म्हणण्याचे उत्तर येथेच मिळते. चालक कितीही निष्णात असला तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते. चार चाकांना चार निरनिराळे ब्रेक लावणे मनुष्याला शक्य नाही. हा कौशल्याचा उणेपणा नव्हे. देहाची मर्यादा आहे.

ही यंत्रणा श्रीमंतांच्या मोटारींतून सर्वसामान्यांच्या मोटारींत आली, त्याला एक फजिती कारणीभूत झाली. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास मोटार उलटली. रस्त्यावर अचानक मोठे हरीण आले असता गाडी झटकन एका बाजूस व पुन्हा पूर्वस्थितीस आणावयाची, अशी ती चाचणी होती. त्यानंतर कंपनीने त्या सर्व मोटारींना स्थैर्य-नियंत्रण बसविले. पुढे अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. अमेरिकेतील अपघातांच्या अभ्यासात असे दिसले की, एकच वाहन सापडलेल्या प्राणघातक अपघातांचा धोका या यंत्रणेमुळे जवळजवळ निम्म्याने घटतो.

स्पोर्ट्‌स कारच्या रसिकांचा आक्षेप असा की, यंत्राने मध्ये तोंड घातले की चालविण्याची गंमत जाते. बंदिस्त शर्यतपथावर या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच अशा पुष्कळ गाड्यांत ती बंद करण्याचे बटण असते. सार्वजनिक रस्ता मात्र शर्यतपथ नव्हे. पोर्श कंपनीची कॅरेरा जीटी ही अतिवेगवान मोटार स्थैर्य-नियंत्रणाविना बनविली जात असे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात याच मोटारीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालविणारा त्याचा मित्र, दोघेही मृत्युमुखी पडले. चालविणारा शर्यतींचा अनुभवी होता. तपासात वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान आणि टायर नऊ वर्षांचे आढळले. ती यंत्रणा असती तर ते वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. अनुभव हा वेगाला आणि झिजल्या टायरांना उतारा नव्हे, एवढे मात्र निश्चित.

आता आमचे रस्ते पाहा. बीदर शहर तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. खाली उतरले की काळी जमीन लागते. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला काळा चिखल डांबरावर पसरीत जातो, आणि तो भिजला की रस्ता साबणासारखा होतो. सुगीत तूर-सोयाबीनची काडे मळणीसाठी रस्त्यावरच अंथरली जातात. उसाच्या दिवसांत मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारातून एकाएकी समोर उभी राहते. चुकविण्यासाठी गाडी बाजूला घ्यावी तर दोन चाके डांबरावर आणि दोन चाके मातीत! स्वीडनमधील ते हरीण आमच्याकडे म्हशीच्या, ट्रॉलीच्या, सायकलस्वाराच्या रूपाने रोज भेटते. मागच्या चाकांना जोर देणारी, रुंद टायरांची गाडी अशा जागी साध्या गाडीपेक्षाही लवकर घसरू शकते. म्हणजे जिथे यंत्रणा जास्तीची म्हणून विकली जाते, तिथेच तिची निकड अधिक.

तिच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे, तेवढीच ती वापरू शकते. नवी पकड निर्माण करू शकत नाही. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते, हा नियम कोणतेही यंत्र बदलीत नाही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो टायर कायद्यानेही बाद. पट्टा न लावणाऱ्यालाही ती वाचवीत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या महागड्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

तेव्हा आमचा सल्ला असा. काचेचे छप्पर, मोठा पडदा, चकाकती चाके ही झूल. स्थैर्य-नियंत्रण हा लगाम. पैसे अपुरे पडत असतील तर झूल सोडावी. तेवढ्यानेही भागत नसेल तर कमी ताकदीची, पण लगाम असलेली गाडी घ्यावी. भारत एनकॅप ही आपल्याकडील सुरक्षा-परीक्षा १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत तीन वा अधिक तारे मिळविण्यास ही यंत्रणा लागते. तरीही आपण घेत असलेल्या नेमक्या मॉडेलात ती आहे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जुनी गाडी घेताना चावी फिरवून पाहावे : घसरत्या मोटारीचे चिन्ह असलेला दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर सौदा थांबवावा. पहिल्या मालकाने वाचविलेल्या पैशांची किंमत दुसऱ्याने का द्यावी?

एक गोष्ट राहिली. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. आमच्या शाळेची मुले दप्तर पाठीवर टाकून याच रस्त्याच्या कडेने येतात. घसरलेली गाडी कोणत्या बाजूस जाईल, हे त्यांना विचारून ठरत नाही. गाडी घेणारा स्वतःच्या जिवाचा हिशेब करून "चालेल" म्हणू शकतो. या मुलांच्या वतीने तसे म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. म्हणून लगामाचे पैसे द्यावेत, आणि ते देताना घासाघीस करू नये.