समित्या मोडल्या ते वर्ष

नोव्हेंबर 1956 च्या पहिल्या तारखेला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. पवनी तालुक्यातल्या अड्याळला तेव्हा धानाच्या कापणीचे दिवस असणार. शेतकऱ्याचा विळा शेतात चालू होता आणि त्याची राजधानी नागपूरहून मुंबईला गेली होती. त्याच महिन्यात तिकडे तामिळनाडूतल्या पळणी इथे एक निर्णय झाला. सत्तर वर्षं होत आली, तरी त्याचं नवल ओसरत नाही. देशभर पसरलेल्या एका दानचळवळीने, ऐन भरात असताना, आपल्या समित्या आपणच मोडल्या आणि मिळणारा निधी आपणहून नाकारला.

ती चळवळ भूदानाची. तिचे नेते विनोबा भावे. जन्म कोकणातल्या गागोद्याचा, कर्मभूमी वर्ध्याजवळचं पवनार. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत गावातल्या हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेतच विचारलं, गावातलं कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि 100 एकर देतो म्हणाले. मागणीपेक्षा दान मोठं निघालं, आणि तिथून विनोबा चालत सुटले ते पुढची तेरा वर्षं. पहाटे उठायचं, उजाडायच्या आत वाटेला लागायचं, दहा-बारा मैलांवरच्या गावात मुक्काम करायचा आणि संध्याकाळच्या सभेत जमीन मागायची.

मागण्याचं गणित सोपं होतं. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. देशातली लागवडीची जमीन 30 कोटी एकर धरली, तर सहावा हिस्सा होतो 5 कोटी. तेवढी जमीन 1957 पर्यंत मिळवायची, असा संकल्प होता. 1952 साली उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने तर गावाची जमीनच दान दिली. ग्रामदानाची ती सुरुवात. 1954 मध्ये बोधगयेच्या सर्वोदय संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी जीवनदान जाहीर केलं, म्हणजे आपलं आयुष्यच या कामाला वाहिलं. काम वाढलं तशा समित्या उभ्या राहिल्या, मानधनावरचे कार्यकर्ते आले आणि खर्चासाठी गांधी स्मारक निधीतून पैसा येऊ लागला.

कुठल्याही संस्थेला हेवा वाटावा अशी ही स्थिती. पण विनोबांना तीत धोका दिसला. समिती असली की गावातल्या इतरांना वाटतं, जमीन मागणं हे समितीचं काम, आपलं नव्हे. निधी असला की कार्यकर्त्याची नजर लोकांकडून निधीकडे वळते. म्हणून पळणीला ठरलं ते निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती, म्हणजे निधीपासून आणि समित्यांच्या यंत्रणेपासून सुटका. 1957 उजाडलं तेव्हा चळवळीकडे संकल्पाचं शेवटचं वर्ष होतं, देशभरचा पसारा होता, पण समित्या नव्हत्या आणि निधीही नव्हता.

मग खर्च कसा चालवायचा? इथे विनोबांची कल्पकता थक्क करते. त्यांनी आधीच संपत्तिदानाची रीत घातली होती. आपल्या मिळकतीचा सहावा हिस्सा द्यायचा, पण तो कुणाच्या हवाली करायचा नाही. पैसा दात्याकडेच राहणार, सांगितलेल्या कामासाठी तोच खर्च करणार आणि वर्षाचा हिशेब कळवणार. देशभराचं दान आणि मध्यवर्ती खजिनाच नाही! आज दात्यांची मोठमोठी जाळी लेखापरीक्षणावर चालतात, आणि ते योग्यच आहे. इथे तपासनीस होता दात्याचा स्वतःचा शब्द.

दुसरी रीत सूतांजलीची. 12 फेब्रुवारीला पवनारला धाम नदीकाठी सर्वोदय मेळा भरतो. गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या होत्या. त्या निमित्ताने माणशी वर्षाला स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी द्यायची. एका गुंडीत 640 तार, एकेक तार चार फुटांची. म्हणजे पाऊण किलोमीटरहून जरा जास्तच सूत. श्रीमंताने दहा गुंड्या विकत आणून दिल्या तर त्या चालणार नाहीत, कारण मोजायचे होते हात. पुढे सर्वोदय-पात्र आलं. घरात एक भांडं ठेवायचं आणि रोज मूठभर धान्य त्यात टाकायचं, तेही घरातल्या लहान मुलाच्या मुठीने. मोठ्याच्या मुठीने धान्य जास्त पडलं असतं. पण रोज कुणासाठी तरी बाजूला काढायचं असतं, हे त्या मुलाच्या हाताला कळावं, असा हेतू होता.

तर 1957 कसं गेलं? मे महिन्यात केरळात, शंकराचार्यांच्या कालडीला, सर्वोदय संमेलन झालं. ऑगस्टमध्ये केरळातच शांतिसेनेची सुरुवात झाली. सप्टेंबरच्या 21 आणि 22 तारखांना म्हैसूरजवळच्या येलवालला ग्रामदान परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान नेहरू आले आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद हेही आले. कार्यालय मोडून टाकलेल्या एका पदयात्रीच्या विषयावर एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष एका मांडवात बसले आणि त्यांनी ग्रामदानाला पाठिंबा दिला.

हे झालं शिखर. पायथ्याशी मात्र अनेक जिल्ह्यांत काम थंडावलं. मानधन थांबल्यावर काही कार्यकर्ते पांगले, त्यांच्या जागी नवे सगळीकडे उभे राहिले नाहीत. 5 कोटींचा संकल्प दूरच राहिला. दानाची एकूण जमीन भरली ती साधारण 42 लाख एकर, तीत निम्म्याच्या आसपास एकट्या बिहारची. साठीचं दशक सरतानाही तीतली एक तृतीयांशाहून कमी जमीनच भूमिहीनांपर्यंत पोचली होती. काही जमीन खडकाळ निघाली, काही वादातली, काहीचा गट-नंबरच दानपत्रात नव्हता.

या वर्षाचा खरा धडा मला इथे दिसतो. द्यायला कार्यालय लागत नाही, वाटायला लागतं. दान एका संध्याकाळी, एका सभेत, मन हेलावलं की होतं. वाटपाला मोजणी लागते, चौकशी लागते, नोंद लागते, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारं माणूस लागतं.

अड्याळच्या बाजूच्या धानशेतीत हे चटकन पटेल. इथे शेत म्हणजे धुऱ्यांनी बांधलेल्या लहानमोठ्या बांध्या. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. समजा, कुणी खालची एक बांधी दान दिली. कागदावर अर्धा एकर भूमिहीनाच्या नावे झाला. पण वरच्या बांधीवाल्याने धुरा फोडून पाणी सोडलंच नाही, तर रोवणी कशी होणार? तलावाच्या पाण्यात नव्या माणसाचा वाटा कुणी ठरवायचा? दात्याचं मन कितीही मोठं असलं, तरी हा प्रश्न गावाने बसूनच सोडवावा लागतो.

विदर्भाला याबाबत एक आधार लाभला. भंडारा मध्य प्रदेशात होता तेव्हाच, 1953 साली, तिथे भूदान यज्ञाचा कायदा झाला आणि राज्य बदललं तरी विदर्भात तो लागू राहिला. चळवळीच्या समित्या मोडल्या, पण दानपत्राची महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी, हरकती, कायद्याने नेमलेल्या भूदान मंडळाच्या नावे जमीन आणि मग भूमिहीनाला वाटप ही साखळी कायद्यात टिकली. ज्याला जमीन मिळते तो भूदानधारक. ती त्याच्या वारसांकडे जाते, पण बाजारात विकायला मोकळी नसते. म्हणूनच सातबाऱ्यावर ती भोगवटादार वर्ग 2 मध्ये दिसते, आणि गाव नमुना 1 क मध्ये अशा जमिनींची यादी असते.

पुढे 1964 मध्ये महाराष्ट्राने ग्रामदानाचा कायदा केला. त्याचाच आधार घेऊन गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 2013 च्या सुमारास आपली शेतजमीन ग्रामसभेला देण्याचं ठरवलं. पळणीनंतर अर्ध्याहून अधिक शतक लोटलं होतं, तरी कल्पनेत जीव होता. त्यामागे एका संध्याकाळचा उमाळा नव्हता. वर्षानुवर्षं एकत्र बसून, सर्वांचं एकमत होईपर्यंत थांबण्याची सवय त्या गावाने लावून घेतली होती.

आज दात्यांचं जाळं चालवणाऱ्या कुणीही वर्षाअखेरीला 1957 कडे जरूर पाहावं. देणाऱ्यावर पूर्ण भरवसा टाकता येतो, त्याचा पैसा त्याच्याकडेच ठेवूनही काम होतं, हे विनोबांनी करून दाखवलं. त्या धाडसापुढे मान लवते. पण घेणाऱ्याला निव्वळ भरवशावर सोडता येत नाही. त्याच्या हातात पक्का कागद आणि त्याच्या बांधीत पाणी पोचावं लागतं. भूदानधारकांचे वारस आजही विदर्भात ती जमीन कसतात. त्यांच्या गावच्या ग्रामसभेने गाव नमुना 1 क मागवून ती यादी एकदा मोठ्याने वाचावी. कुणाची जमीन कुणाकडे आहे आणि तिला पाणी मिळतं का, एवढं तपासलं तरी अर्धवट राहिलेलं वाटप पुढे सरकेल.