आधी दाखला, मग विमान!

मुलगा परदेशातून वैमानिकाचा परवाना घेऊन आला, की घरच्यांना वाटते, आता उद्या नाही तर परवा स्वारी विमान उडवणार! माझा भाचा अमेरिकेहून परतला, तेव्हा आमच्या खराडीच्या घरीही पेढे वाटून झाले. लोहगावचे विमान डोक्यावरून गेले, की शेजारच्या आजी कौतुकाने विचारीत, "तुमचाच का हो?" आमचा वैमानिक मात्र रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी रांगेत उभा असे.

"तिकडच्या डॉक्टरांनी तपासलंय ना? मग पुन्हा कशाला?" ताईचा हा प्रश्न कुणाही आईला पडावा असाच. उत्तर १९४४ च्या शिकागो करारात आहे. आपल्या नागरिकाला परदेशाने दिलेला परवाना स्वतःच्या आकाशापुरता न मानण्याचा हक्क प्रत्येक देशाने ३२ व्या कलमान्वये राखून ठेवला आहे. म्हणून भारतीय व्यावसायिक परवाना हवा, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा वैद्यकीय दाखलाही हवा.

त्याच्या पायऱ्या दोन. प्रथम मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे दुसऱ्या वर्गाची तपासणी. मग फाईल क्रमांक मिळवून नेमलेल्या केंद्रात पहिल्या वर्गाची. बंगळूर व दिल्ली येथील वायुदलाच्या संस्था त्यासाठी प्रसिद्धच आहेत. डोळे, कान, हृदय, रक्त, लघवी, सारे पाहतात. चष्मा असला म्हणून वैमानिक होता येत नाही, ही समजूत खोटी. चष्म्याने दृष्टी नियमात बसली म्हणजे झाले. रंगांची ओळख मात्र पक्की हवी. त्यासाठी जपानच्या इशिहारांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली रंगीत ठिपक्यांची पाने दाखवतात. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. रात्री समोरचे विमान कोणत्या दिशेने चालले आहे, हे त्यांवरूनच कळायचे!

भाच्याचे डोळे उत्तम निघाले. रक्तदाबाने घात केला. शेरा पडला, 'तात्पुरता अपात्र'. कर्जाचे हप्ते सुरू झालेले! ताईच्या तोंडचे पाणीच पळाले. एका हितचिंतकाने सुचवले, "गुपचूप गोळी घेऊन जा, कोण विचारतंय?" भाऊजी एवढेच म्हणाले, "मागे बसणाऱ्या माणसांचा जीव याच्या हातात असणार आहे." पोराने मीठ कमी केले, जागरणे सोडली, रोज पहाटे नदीकाठी चालायला लागला. काही महिन्यांनी फेरतपासणी झाली आणि तो पात्र ठरला.

तेव्हा आईबापांनो, क्रम उलटा करू नका. परदेशी शाळेची फी भरण्यापूर्वीच येथली पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्या. दोष निघालाच, तर तो कर्जाआधी कळेल. अन् दाखला मिळाला म्हणजे सुटलो, असेही नाही. चाळिशीच्या आतल्या वैमानिकालाही तो दर बारा महिन्यांनी नव्याने मिळवावा लागतो. आम्ही प्राध्यापक एकदा एम.ए. झालो, की जन्मभर एम.ए.! वैमानिकाला मात्र दरवर्षी परीक्षा, आणि तीही स्वतःच्या देहाची.