चक्रीय कार्बन अर्थव्यवस्था आणि विद्यापीठीय संशोधन : मिथेनॉलचा हिशेब

प्रस्तावना :

इंधनाच्या ज्वलनातून मुक्त होणारा कार्बन डायऑक्साइड केवळ टाकाऊ न मानता त्याचा कच्चा माल म्हणून पुनर्वापर करणे, हा चक्रीय कार्बन अर्थव्यवस्थेचा एक प्रमुख आधार होय. २०२० साली सौदी अरेबियाच्या अध्यक्षतेखाली जी-२० राष्ट्रांनी या संकल्पनेस पाठिंबा दिला व ती धोरणविषयक चर्चेत आली. तिच्यामागील रसायनशास्त्र मात्र विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत त्यापूर्वीच आकार घेत होते. प्रस्तुत लेखात मिथेनॉलच्या उदाहरणावरून तिचा विचार केला आहे.

ओला यांचे कार्य :

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉर्ज ओला यांना १९९४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तरायुष्यात त्यांनी मूळचे बंगळूरचे सूर्य प्रकाश यांच्यासमवेत 'मिथेनॉल अर्थव्यवस्थे'चा पुरस्कार केला. २०१६ साली याच संशोधकगटाने हवेतून अमाइनमध्ये शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून रुथेनियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉल मिळवून दाखविले.

अभिक्रिया सुटसुटीत आहे : कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू व हायड्रोजनचे तीन रेणू यांपासून मिथेनॉल व पाणी तयार होते. अडचण आहे ती हायड्रोजनची. एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड व १८८ किलो हायड्रोजन लागतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० युनिट वीज लागते. म्हणजे एकूण नऊ हजारांहून अधिक युनिट. त्या एक टन मिथेनॉलच्या ज्वलनातून परत मिळणारी उष्णता सुमारे साडेपाच हजार युनिटांइतकीच! ही वीज कोळशाची असेल, तर दर युनिटामागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दीड टनाहूनही कमी वायू वापरात आणण्यासाठी नऊ टन वायू हवेत सोडण्याला चक्र म्हणता येणार नाही. धोरणविषयक लिखाणात हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगी येथे ओला यांच्या नावाने उभारलेल्या प्रकल्पाने हे गणित जुळविले, कारण तेथील वीज जलविद्युत व भूऔष्णिक स्वरूपाची आहे आणि वायूही भूऔष्णिक केंद्रातूनच मिळाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे चार हजार टन मिथेनॉल इतकी होती.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

आपल्याकडे भूगर्भातील अशी वाफ हाताशी नाही. साखर कारखान्यांच्या आसवन्या मात्र आहेत. किण्वनात ग्लुकोजच्या १८० भागांपासून ९२ भाग इथेनॉल व ८८ भाग कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे इथेनॉलच्या जवळजवळ वजनाइतकाच. औष्णिक केंद्राच्या धुरात या वायूचे प्रमाण १२ ते १५ टक्के असते व तो वेगळा काढण्यास बरीच ऊर्जा खर्च होते; किण्वनटाकीतून तो बहुतांशी शुद्धच निघतो. शिवाय त्यातील कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, ही बाब विशेष महत्त्वाची.

या क्षेत्रासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ साली मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्राची घोषणा केली. उत्प्रेरकांचे खर्चिक संशोधन अशा ठिकाणीच होऊ शकेल. परंतु परिसरातील आसवनीतून प्रत्यक्षात किती वायू, किती शुद्धतेचा व वर्षाच्या कोणत्या महिन्यांत निघतो, आणि त्या महिन्यांत सौरवीज कितपत उपलब्ध असते, याची मोजणी ग्रामीण महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागही पदव्युत्तर प्रकल्प म्हणून करू शकतो. त्यासाठी वायुविश्लेषक, प्रवाहमापक आणि कारखान्याची परवानगी एवढीच सामग्री लागते. यांपैकी तिसरी मिळविणे कदाचित सर्वांत अवघड ठरेल.