चापाचा स्पर्श

स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, बहुधा दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात तो हलक्या स्प्रिंगविरुद्ध थोडा मागे सरकतो आणि अडतो. तिथून किंचित दाब वाढवला की गोळी सुटते. गोळी सुटण्याआधी चाप घसटत आणखी मागे सरकला, तर बोट बिचकते आणि नेम हलतो. सुटल्यानंतर तो फार मागे गेला तरी मनगटाला झटका बसतो. ते टाळण्यासाठी थांबा देणारा स्क्रू असतो.

दहा मीटर एअर पिस्तुलात चापाचा भार किमान ५०० ग्रॅम लागतो. तपासताना नळी उभी धरून चापाला तेवढे वजन अडकवतात. चाप न सुटता ते उचलले गेले पाहिजे. अनेक नेमबाज यातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर टाकतात, म्हणजे शेवटचा दाब अगदी थोडा उरतो. पंचवीस मीटर पिस्तुलात, नेमबाज राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले त्या प्रकारात, किमान भार १००० ग्रॅम आहे. तिथे जलद फेरीत प्रत्येक गोळीला तीनच सेकंद मिळतात, म्हणून फार नाजूक चाप उलट त्रासाचा.

चापाची रचनाही वेगवेगळी असते. स्टायर कंपनीच्या एलपी १० या एअर पिस्तुलात चाप ओढला की पोलादी भागांची पकड सुटते. मोरिनी कंपनीच्या सीएम १६२ ईआय या एअर पिस्तुलात चाप विजेचा संपर्क जुळवतो. तो काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटतो, पण बॅटरी सांभाळावी लागते. दोन्हींतला फरक कागदावर कळत नाही. तुलना करायची तर दोन्ही चाप सारख्याच भारावर लावून, गोळीविना सराव करूनच करावी.